सोड्यांचा डबा घेऊन लंडन

लंडनला जाऊन आलेला माणूस पहिल्यांदा राणीचा राजवाडा सांगतो. राजवाडा मीही पाहिला. पण काखेत पाच किलोचा पत्र्याचा डबा होता आणि त्या डब्याला सोड्यांचा वास होता, त्यामुळे माझ्या आठवणीत राजवाड्यापेक्षा काखच जास्त आहे. ज्यांना व्यवस्थित लंडन हवं असेल त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी विचारावं. मी तिथं साडेतीन दिवस होतो आणि त्यातले निम्मे बंद दारांसमोर उभं राहण्यात गेले.

ही ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. बहारीनहून सौदीला जायचा पूल अजून व्हायचा होता. आम्ही मनाम्यात, जुन्या सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, मागे एका इमारतीत राहायचो. बाबा विमानतळावर, विमानात जेवणाच्या ट्रॉल्या चढवायच्या कामावर. मी एकोणीस वर्षांचा, तिथल्याच एका टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मेकॅनिकलला. बाबांच्या कंपनीकडून घरच्या माणसाला वर्षातून एकदा जवळजवळ फुकटात तिकीट मिळायचं. अट एकच: विमानात जागा उरली तर बसायचं, नाहीतर मुकाट्याने बॅग उचलून घरी यायचं. स्टँडबाय म्हणतात त्याला. आजवर ते तिकीट मुंबईलाच खर्ची पडत आलं होतं. त्या वर्षी मी हट्ट धरला की लंडनला जाणार. कारण विचाराल तर काही नाही. वर्गातला एकजण जाऊन आला होता आणि महिनाभर त्याने आमचं डोकं खाल्लं होतं.

"चार दिवसांसाठी एवढ्या लांब? काय ठेवलंय तिथं?" आई म्हणाली.

"जाऊ दे त्याला," बाबा म्हणाले. "पण सोमवारी पहाटे परत. नऊ वाजता तुझी वर्कशॉपची प्रॅक्टिकल आहे. ती बुडाली तर सहा महिने घरी बसशील, आणि माझ्या डोळ्यांसमोर बसशील."

इथवर सगळं माझ्या मौजेचं होतं. मग वरच्या मजल्यावरच्या जुबेदाचाचीला कळलं.

हमीदचाचा आणि जुबेदाचाची दापोलीकडचे, आम्ही गुहागरचे. बहारीनमध्ये एवढं अंतर म्हणजे एकाच घरातले. चाचा एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात क्लार्क होते. त्यांचा एकुलता एक मुलगा रफीक माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. मला सायकल त्यानेच शिकवली. चाचांनी त्याला अकाउंटन्सी शिकायला लंडनला पाठवलं. दोन वर्षांनी त्याने शिक्षण सोडलं आणि कुठंतरी नोकरी धरली. फोनवर बापलेकांची जुंपली. चाचा म्हणाले, "मला मुलगा नाही असं मी समजतो." त्यावर रफीकने फोन ठेवला तो ठेवलाच. जुन्या पत्त्यावर चाचीने लिहवून घेतलेली दोन पत्रं परत आली. दोन वर्षं त्या घरात रफीकचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

आणि त्याच महिन्यात एक भलतीच गोष्ट घडली. चाचांच्या ऑफिसात लंडनच्या एका फर्मकडून मालाचे कागद आले आणि त्यातल्या एका कागदाखाली रफीकची सही होती. चाचांनी तो कागद घरी आणला, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि अंघोळीला गेले. चाचीला वाचता येत नव्हतं, पण पोराची सही तिला कळली. कागदाच्या वर फर्मचा पत्ता होता.

"मग पत्र लिहा, फोन करा," आई म्हणाली.

"आणि नाही दिलं उत्तर तर?" चाची म्हणाली.

घाई अशी होती की चाचांची नोकरी खलास झाली होती. वय झालं, कंपनीने व्हिसा पुढे वाढवला नाही, आणि दोन आठवड्यांनी दोघं कायमची गावी जायची होती. गावात फोन नव्हता. रफीकला गावचा पत्ता ठाऊक असणार होता, पण ती दोघं तिथं आहेत हे त्याला कोण सांगणार?

"अनंता, मला काय नको," चाची मला म्हणाली. "तू नुसता बघून ये. जाड झालाय का बारीक, येवढं सांग. मी सुखानं गावाला जाईन."

एवढं म्हणून तिने डबा काढला. त्यात गावचे सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी, आणि कुळथाची पिठी. सोड्यांचा वास सुटू नये म्हणून आमच्या गावच्या यशवंताने, तो सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होता, डब्याचं झाकण चारी बाजूंनी झाळून दिलं. "आता विमानात बाँब फुटला तरी हा उघडायचा नाही," तो अभिमानाने म्हणाला. मी त्याला सांगितलं की हे वाक्य विमानतळावर बोलू नकोस.

मग आमच्या घरी बैठक बसली. आई, बाबा, चाची आणि मी. हमीदचाचाही होते, पण खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून, वर्तमानपत्र वाचत. प्रश्न असा की रफीकला ऑफिसात गाठायचं कधी? मी गुरुवारी संध्याकाळी पोचणार, रविवारी दुपारी निघणार. बाबांनी बोटं मोजली. शुक्रवार सुटीचा, सोडून द्या. रविवारी तिथं सुटी, हे आम्हाला ठाऊक होतं, एवढे काही आम्ही हे नव्हतो. म्हणजे शनिवार. शनिवारी सकाळी सगळे ताजेतवाने कामावर येतात, साहेबाचं डोकं शांत असतं, भेटायला उत्तम. सगळ्यांनी माना डोलावल्या. शुक्रवार का सोडायचा हे कुणी विचारलं नाही. बहारीनमध्ये दहा-बारा वर्षं काढलेल्या चार माणसांना ते विचारायचं सुचलं नाही, आणि त्यात एक मी, ज्याला गणितात नव्वदच्या खाली मार्क माहीत नव्हते. चाचांच्या वर्तमानपत्राचं पान तेवढ्या वेळात एकदाही उलटलं नाही.

गुरुवार

जागा मिळाली. बाबांनीच त्या विमानात जेवण चढवलं होतं, त्यामुळे आत काय आहे ते मला बसण्याआधीच माहीत होतं.

तेव्हा आपल्या पासपोर्टला लंडनचा व्हिसा आधीपासून काढावा लागत नसे. विमानतळावरचा साहेब प्रश्न विचारायचा आणि मर्जी झाली तर शिक्का मारायचा. मला विचारलं, कशासाठी आलात? म्हटलं, वीकएंडसाठी.

"आज गुरुवार आहे," साहेब म्हणाला.

"आमचा वीकएंड शुक्रवारी असतो."

"इथं नसतो," तो म्हणाला, आणि हसून शिक्का मारला. मीही हसलो. त्या भल्या माणसाने मला सगळं फोडून सांगितलं होतं आणि मी त्याला थँक यू म्हणून पुढे निघालो.

कस्टम्सवाल्याने डबा हलवून पाहिला. आत काय? मी म्हटलं, वाळवलेली कोलंबी आणि पीठ. कसलं पीठ? आता कुळथाला इंग्रजीत काय म्हणतात हे मला आजही ठाऊक नाही. मी म्हटलं, एक प्रकारची डाळ, घोड्यांना घालतात, पण आम्ही खातो. त्याने सहकाऱ्याला बोलावलं. सहकाऱ्याने पत्रा कापायची कात्री आणली आणि यशवंताची सगळी मेहनत दोन मिनिटांत उडवली. झाकण उघडताच तिघेही एक पाऊल मागे सरकले, त्यात मीही. तपकिरी पीठ पाहून त्यांचे चेहरे गंभीर झाले, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. शेवटी मी चिमूटभर पिठी तोंडात टाकली. ती घशात चिकटली आणि मला असा ठसका लागला की त्यांनीच पाणी आणून दिलं. मग म्हणाले, जा, पण हे इथून लवकर घेऊन जा. मी झाकण बसवलं, सुतळीने बांधलं आणि त्या क्षणापासून आम्ही दोघं, मी आणि तो वास, लंडनचे पाहुणे झालो.

शुक्रवार

युथ हॉस्टेलमध्ये आठजणांच्या खोलीत मला वरची खाट मिळाली होती. डबा पायथ्याशी. खालच्या खाटेवरचा जर्मन मुलगा पहाटे उठला आणि त्याने खिडकी सताड उघडली. मार्च महिना. बाकीचे सहाजण कुडकुडत उठून बसले. त्याने नाकावर बोट ठेवून डब्याकडे दाखवलं. मग सातजण माझ्याकडे बघत राहिले. मी गुड मॉर्निंग म्हटलं.

तिथला नियम असा की सकाळी दहा ते संध्याकाळी पाच खोलीत थांबायचं नाही आणि सामान मागे ठेवायचं नाही. बेवारस डबा दिसला की पोलीस बोलावतात, बाँबचे दिवस होते. म्हणजे डबा माझ्याबरोबर. तर मी आणि डबा, दोघांनी लंडन पाहिलं. मोठं घड्याळ पाहिलं. नदी पाहिली, ती आपल्या वाशिष्ठीपेक्षा काही फार मोठी नाही, पण पाणी इतकं गढूळ असूनही लोक कौतुकाने फोटो काढतात. राजवाड्यासमोर उंच केसाळ टोपी घातलेला शिपाई असतो, त्याने हलायचं नसतं. मी जवळ उभा राहिलो तेव्हा त्याच्या नाकपुड्या हलल्या. हे मी शपथेवर सांगतो.

चौकात कबुतरांना दाणे घालतात. माझ्याभोवती कबुतरं आली नाहीत, मांजर आलं. लंडनच्या चौकात मांजर कुठून आलं कोण जाणे, पण ते दोन रस्ते माझ्या मागे चालत होतं.

दुपारी मासा आणि चिप्स खाल्ले. गुहागरच्या माणसाने तिथं मासा खाऊ नये. जाडजूड पिठाचा अंगरखा, आत पांढरा मासा, ना मीठ ना तिखट, वर व्हिनेगर ओततात. दुकानदाराने प्रेमाने विचारलं, कसा आहे? मी म्हटलं, व्हेरी गुड. आईने दिलेल्या लोणच्याच्या बाटलीतून एक फोड काढून खाल्ली, तेव्हा कुठे घास खाली उतरला.

आणि दिवसभर मी खूश होतो की बघा, आज शुक्रवार असूनही इथं बँका उघड्या, ऑफिसं उघडी, माणसं टाय लावून धावतायत. किती कामसू लोक! सुटीच्या दिवशीसुद्धा! रफीकच्या फर्मच्या रस्त्यावरून मी दोनदा गेलो असेन. पण आज कशाला त्याला त्रास द्या, म्हटलं.

शनिवार

सकाळी आठला दाढी करून, बाबांचा टाय लावून, डबा घेऊन मी नदीकाठच्या गोदामांच्या भागात पोचलो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. फर्मची पाटी होती, दार बंद. एक म्हातारा राखणदार पायऱ्या धूत होता.

"सोमवारी या," तो न बघताच म्हणाला.

"पण आज शनिवार आहे."

"हो ना. आज शनिवार आहे."

"म्हणजे आज ऑफिस..."

"शनिवार आहे," तो परत म्हणाला, जरा हळू, मी आजारी आहे की काय अशा स्वरात.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि उजेड म्हणजे काय, त्या विमानतळावरच्या साहेबाचं हसणं, कालच्या त्या टायवाल्या माणसांची धावपळ, सगळं एकदम दिसलं. मी पायरीवर बसलो. ती ओली होती, तीही गोष्ट नंतर लक्षात आली.

रफीकच्या घरचा पत्ता म्हाताऱ्याकडे नव्हता, आणि असता तरी त्याने दिला नसता, हे त्याने मला समजावून सांगितलं. "कोण लागतो तुमचा?" त्याने विचारलं. मी म्हटलं, वरच्या मजल्यावरचा. म्हाताऱ्याने मान हलवली आणि बादली उचलली.

मला स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. चाचीने काय मागितलं होतं? पैसे नाही, सोनं नाही. नुसतं बघून ये. आणि मी काल अख्खा दिवस एका शिपायाच्या नाकपुड्या बघत बसलो होतो.

रविवार

रविवारचं लंडन मी तुम्हाला एका वाक्यात सांगतो: काहीही उघडं नसतं. दुकानांच्या काचांतून वस्तू बघायच्या आणि पुढे चालायचं. बहारीनमध्ये शुक्रवारीसुद्धा नमाजानंतर सूकमध्ये चहा मिळतो. इथं चहासाठी मी तासभर चाललो आणि शेवटी हॉस्टेलचा कालचा पाव डब्यावर बसून खाल्ला.

दुपारी विमानतळावर. स्टँडबायच्या यादीत माझा चौथा नंबर. देवाशपथ सांगतो, मी मनात प्रार्थना करत होतो की जागा मिळू नये. म्हणजे मग माझा काही दोष नाही, विमानच भरलं, सोमवार आपोआप मिळाला, बाबाही काही बोलू शकणार नाहीत. असला भित्रा माणूस मी. पण काउंटरवरच्या बाईने पहिलं नाव पुकारलं ते माझंच. वरचे तिघं एका कुटुंबातले होते, त्यांना तीन जागा हव्या होत्या, उरली होती एक.

मी काउंटरपर्यंत गेलो. पासपोर्ट पुढे केला. आणि मग म्हटलं, "मला उद्याच्या विमानाला घालता येईल?"

तिने डोळे वर केले. "जागा आहे. तुमच्यासाठी."

"हो. पण उद्या."

"स्टँडबायवाले असं कधी म्हणत नाहीत," ती म्हणाली. "उद्याची खात्री नाही बरं का."

माझ्या डोळ्यांसमोर वर्कशॉप, लेथ, परीक्षकाचा चश्मा आणि बाबांचा चेहरा, असा सगळा मोर्चा येऊन गेला. मी पासपोर्ट मागे घेतला. तिने बहारीनच्या ऑफिसला टेलेक्स टाकला की अमुक माणूस सोमवारी निघेल. कारणाच्या जागी काय लिहू, तिने विचारलं. मी म्हटलं, शनिवार लिहा. तिने काहीच लिहिलं नाही.

सोमवार

साडेआठला मी त्या पायऱ्यांवर होतो. म्हाताऱ्याने मला पाहून दार उघडं धरलं, एवढं बरं वाटलं. टायवाले एकेक करून येत होते आणि माझ्याजवळून जाताना पावलं जरा लांब टाकत होते.

रफीक आला तो मी लगेच ओळखला, कारण तो चाचीसारखा चालतो, एक खांदा पुढे काढून. लांब ओव्हरकोट, हातात छत्री. माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाला, "काही मदत हवी आहे?" मग डब्याकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे.

"अंत्या?"

"हो."

"अम्मी?" तो एकदम पांढरा पडला.

"बरी आहे, बरी आहे. डबा दिलाय नुसता."

दहा मिनिटं आहेत म्हणाला. आम्ही जिन्याखाली उभे राहिलो. मी एका दमात सगळं सांगून टाकलं: चाचांची नोकरी संपली, दोन आठवड्यांत गावी जातायत, तिथं फोन नाही, कागदावरची सही, चाचीची परत आलेली पत्रं. चाचांचं नाव मी मुद्दाम चार-पाच वेळा घेतलं. प्रत्येक वेळी थांबलो, की आता विचारेल. त्याने घड्याळ बघितलं.

"काय सांगितलंय अम्मीनं?"

"जाड झालायस का बारीक, ते बघून यायला सांगितलंय."

तो हसायला लागला. हसता हसता त्याने छत्री भिंतीला टेकवली, ओव्हरकोट काढून माझ्या हातात दिला, मग आतला कोटही काढला आणि त्या थंडीत शर्टावर उभा राहिला. "घे. नीट बघ." मी बघितलं. गळ्याची हाडं दिसत होती. तो हळूहळू एकदा पूर्ण वळला, पाठीमागूनही दिसावं म्हणून, आणि समोर आला तेव्हा हसत नव्हता.

सुतळी सोडून त्याने एक सोडा तोंडात टाकला, कच्चाच. वरून कुणीतरी खिडकी उघडल्याचा आवाज आला. त्याने एका कार्डामागे घरचा पत्ता आणि फोन नंबर लिहून दिला. "हे अम्मीला दे." मी विचारलं, "आणि चाचांना काही?" त्याने कोट चढवला, डबा उचलला. "उशीर झाला," म्हणाला, आणि जिना चढून गेला.

मंगळवार

विमानात जागा मिळाली. त्या रात्री घरी काय झालं त्याबद्दल आणि सोमवारी बुडालेल्या प्रॅक्टिकलबद्दल मी काही सांगत नाही. सहा महिने घरी बसलो, बाबांच्या डोळ्यांसमोर. एवढं पुरे.

सकाळी बाहेर आलो तर घ्यायला हमीदचाचा उभे होते. बाबांची शिफ्ट होती म्हणाले. आपल्या ऑफिसची पिकअप शेवटचं एकदा म्हणून मागून आणली होती. मी कार्ड काढलं. त्यांनी बघितलं नाही. "ते तिचं आहे. तिला दे," म्हणाले.

विमानतळाच्या मुहर्रक बेटावरून मनाम्याकडे येताना दोन्ही बाजूंना समुद्र लागतो. तिथं चाचा रस्त्याकडे बघतच म्हणाले, "लंडनची ऑफिसं शनिवारी बंद असतात."

"आता कळलं, चाचा."

"मला ठाऊक होतं. सात वर्षं मी त्यांना शनिवारी टेलेक्स करत नाही. तुम्ही शनिवार ठरवलात, तेव्हा मी तिथंच बसलो होतो."

राग यायला हवा होता, पण त्यांचे हात स्टिअरिंगवर असे घट्ट होते की राग आला नाही.

"तोंड उघडलं असतं, तर मी पण त्याला भेटायला निघालो, असं झालं असतं," ते म्हणाले. "त्या दिवसापासून झोप नाही मला."

थोड्या वेळाने त्यांनी पिकअप रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"माझं काय विचारलं त्यानं?"

"पहिलं तुमचंच विचारलं," मी म्हटलं. "अब्बा कसे आहेत, म्हणाला. तब्येत कशी आहे, म्हणाला. मला दोनदा विचारलं."

चाचांनी चश्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत घातला.

"तुला खोटं बोलता येत नाही, अनंता," ते म्हणाले. "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. या खेपेला जरा बरं जमलं.